यंत्र, वादक आणि रसिक

संगीताचा इतिहास सांगतांना गवयांचीं घराणीं, वाद्यांचे प्रकार आणि रागांचीं लक्षणें यांचा विचार जितक्या तपशिलानें होतो, तितका ऐकणाऱ्यांचा होत नाहीं. श्रोता हा मैफलीच्या भिंतींप्रमाणें तेथें असायचाच, असें जणू गृहीत धरलेलें असतें. वस्तुतः भारतीय साहित्यशास्त्रानें कवीच्या बरोबरीनें सहृदयालाही मान दिलेला आहे. नवी कला कलावंताच्या हातून जन्मास येते हें खरें; परंतु ती जगणार कीं नाहीं, याचा निकाल बहुधा ऐकणाऱ्यांच्या पदरीं असतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशींत अमेरिकेंतील कांहीं शहरांत इलेक्ट्रॉनिक संगीताचा जो भूमिगत प्रवाह निर्माण झाला, त्याच्या इतिहासांत या गोष्टीचा प्रत्यय विशेष स्पष्टपणें येतो. आणि नवल असें, कीं त्या इतिहासाचें एक टोंक मुंबई शहरांत सांपडतें.

या कथेच्या मध्यभागीं एक लहानसें यंत्र आहे. इकुतारो काकेहाशी या जपानी उद्योजकानें १९७२ सालीं ओसाका येथें रोलँड ही कंपनी स्थापन केली. १९८० सालीं तिनें टीआर-८०८ नांवाचें तालयंत्र बाजारांत आणलें. त्याच्या पाठोपाठ तादाओ किकुमोतो या अभियंत्यानें रचलेलें टीबी-३०३ हें चंदेरी रंगाचें यंत्र निघालें. गिटार वाजविणाऱ्या माणसाला घरीं एकट्यानें सराव करावयाचा झाल्यास खर्जांतील बास गिटारची साथ कोण देणार, ही अडचण दूर करण्यासाठीं तें बनविलेलें होतें. रियाज करणाऱ्या गवयाला तंबोऱ्याची आणि ठेक्याची सोबत लागते, त्यांतलाच हा प्रकार. परंतु हा हेतु मुळींच साधला नाहीं. यंत्रांतून निघणारा आवाज बास गिटारसारखा वाटेना. त्यांत स्वरांची ओळ भरावयाची, तर आधीं सर्व स्वर एकीकडे आणि नंतर त्यांचें कालमान दुसरीकडे, अशी दुहेरी खटपट करावी लागे. या कटकटीला कंटाळून वादकांनीं त्याच्याकडे पाठ फिरविली. १९८४ पर्यंत सुमारें दहा हजार नग तयार झाले आणि उत्पादन थांबलें. ज्यांनीं तें विकत घेतलें होतें, त्यांनींही तें जुन्या वस्तूंच्या दुकानांत नेऊन मिळेल त्या किंमतीला विकून टाकलें.

टीआर-८०८ चें नशीब सुरुवातीस फारसें निराळें नव्हतें. त्यांतील ढोलाचा आवाज खऱ्या ढोलासारखा नाहीं, अशी तक्रार होती. त्या यंत्राची एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. त्यांतील कांहीं आवाजांत जी एक प्रकारची चुरचुर ऐकूं येते, ती सदोष ट्रान्झिस्टरांमुळें आलेली होती. इतरांनीं नापसंत ठरविलेले हे ट्रान्झिस्टर काकेहाशी मुद्दाम विकत घेत. पुढें ट्रान्झिस्टर बनविण्याची कला इतकी सुधारली, कीं सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ सालीं तें यंत्र बनविणें बंद पडलें. तोंपर्यंत सुमारें बारा हजार यंत्रें तयार झालीं होतीं. दोषांतून गुण निघावा आणि दोष संपतांच गुणही संपावा, असें हें उदाहरण आहे.

टीबी-३०३ ची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील हकीकत नीट ध्यानांत यावयाची नाहीं. त्या यंत्रांत एका आवर्तनाच्या सोळा पायऱ्या असतात. तीनतालाच्या सोळा मात्रा ज्यांच्या कानांत बसलेल्या आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटूं नये. फरक इतकाच, कीं येथें सम आणि खाली हा भेद यंत्राला ठाऊक नसतो. प्रत्येक पायरीवर एक स्वर ठेवतां येतो. त्याला जोर देतां येतो. आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां घसरत जाण्याचीही सोय आहे. मिंडेची ही अगदीं ओबडधोबड नक्कल म्हणतां येईल. मूळचा ध्वनि कर्कश असतो. तो एका फिल्टरमधून गाळून बाहेर येतो. फिल्टरची खुंटी फिरविली कीं आवाजाचा रंग पालटतो. एखाद्यानें तोच स्वर धरून 'ऊ' म्हणतां म्हणतां तोंड उघडीत 'आ' कडे आणि तेथून 'ई' कडे जावें, तसा कांहींसा परिणाम होतो. स्वर तोच, आवर्तन तेंच, पण आवाज कधीं गुरगुरतो, कधीं किंचाळतो, तर कधीं पाण्याच्या बुडबुड्यांसारखा फुटतो. अर्थात् स्वरांची ओळ सुरूं असतांनाच कोणी या खुंट्या फिरवीत राहील, ही गोष्ट सरावाचें यंत्र बनविणाऱ्यांच्या हेतूंत बसणारी नव्हती.

हें यंत्र बाजारांत आल्यावर अल्पावधींतच मुंबईस येऊन पोंचलें. चरणजीत सिंग हे त्या वेळीं हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील एक अनुभवी वादक होते. १९४० सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं गिटार, बास गिटार आणि सिंथेसायझर अशीं अनेक वाद्यें हाताळलीं होतीं, व शंकर-जयकिशन आणि राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत साथ केली होती. वाद्यवृंदांतील वादकाचें नांव पडद्यावर क्वचितच झळकतें. गाणें घरोघर पोंचतें आणि वाजविणारा मात्र अज्ञात राहतो. १९८० सालच्या 'कुर्बानी' या चित्रपटानंतर डिस्कोच्या ठेक्याची लाट आलेली होती. अशा वेळीं टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर अशीं रोलँडचींच तीन यंत्रें एकत्र जोडून चरणजीत सिंगांनीं एक वेगळाच घाट घातला. १९८२ सालीं त्यांनीं दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका तयार केली व ती एचएमव्हीनें प्रसिद्ध केली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' असें तिचें नांव. ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस आदि राग तींत आहेत.

ही ध्वनिमुद्रिका आज ऐकणाऱ्याला प्रथम चकित करते ती तिच्या उघडेपणामुळें. तींत गायक नाहीं, शब्द नाहींत, वाद्यवृंद नाहीं. खालीं यंत्राचा अखंड ठोका, त्याच्या वर टीबी-३०३ चें त्याच त्या स्वरांवर फिरणारें आवर्तन, आणि त्यावर रागाचा द्रुत विस्तार. तंबोरा जसा गायकाच्या मागें आकाशासारखा पसरलेला असतो, तसें हें खर्जाचें आवर्तन रागाच्या मागें पसरतें. यंत्राची ती ओबडधोबड घसरण कित्येक ठिकाणीं रागाच्या अंगाला शोभूनही दिसते. श्रुतींचे सूक्ष्म भेद यांत सांभाळले जात नाहींत, हें उघड आहे. पण वादकाचा रागांशीं असलेला परिचय लपत नाहीं.

असें असूनही ही ध्वनिमुद्रिका खपली नाहीं. तिचीं कारणें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. शास्त्रीय संगीताचा रसिक आलापाची वाट पाहणारा. त्याला यंत्राच्या ठोक्यानें सुरूं होणारा मालकंस कानाआड करावासा वाटला, तर नवल नाहीं. डिस्कोवर नाचणारा तरुण शब्दांची आणि गायिकेच्या आवाजाची अपेक्षा करणारा. त्याला दहा राग कशाला हवेत? परक्या यंत्राविषयींचा संशय तर या देशांत जुनाच होता. मिंड निघत नाहीं आणि स्वर ठराविक उंचीवरच अडकतात, या आक्षेपांमुळें आकाशवाणीनें १९४० सालीं बाजाच्या पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. जी पेटी तोंपर्यंत नाट्यगृहांत, भजनांत आणि घराघरांत रुळली होती, तिची ही स्थिति. मग जपानहून कालपरवां आलेल्या चंदेरी डबीची काय कथा! ध्वनिमुद्रिका विस्मृतींत गेली आणि चरणजीत सिंग पुन्हां आपल्या नेहमींच्या व्यवसायास लागले.

आतां दृष्टि शिकागोकडे वळविली पाहिजे. १९७७ सालीं त्या शहराच्या साउथ जेफर्सन रस्त्यावरील एका जुन्या औद्योगिक इमारतींत 'वेअरहाउस' नांवाचा क्लब सुरूं झाला. तेथें ध्वनिमुद्रिका वाजविण्यासाठीं न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या तरुणास पाचारण करण्यांत आलें. तेथें येणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय अथवा लॅटिन वंशाचे आणि पुष्कळसे समलिंगी होते. शहरांतील इतर करमणुकीच्या जागीं ज्यांच्याकडे संशयानें पाहिलें जाई, त्यांना येथें निर्धास्तपणें रात्र घालवितां येई. 'हाउस' हें या संगीताचें नांव याच वेअरहाउसवरून पडलें, असें सामान्यतः मानतात.

या लोकांना बाहेरच्या जगांत कोणत्या हवेंत वावरावें लागे, हें १९७९ च्या जुलैच्या १२ तारखेस उघड झालें. शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ-निवेदकाच्या पुढाकारानें, दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत, डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटकांनीं उडवून देण्यांत आला. सुमारें पन्नास हजारांचा जमाव मैदानांत होता. हजारों लोक खेळपट्टीवर धांवून गेले, नासधूस झाली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा त्या दिवशीं तेथें हजर होता. लोकांनीं फोडण्यासाठीं आणलेल्या ध्वनिमुद्रिकांत डिस्कोशीं संबंध नसलेल्या, पण कृष्णवर्णीय गायकांच्या असलेल्या पुष्कळ होत्या, अशी आठवण त्यानें पुढें सांगितली. याच लॉरेन्सनें १९८४ सालीं जेसी साँडर्स याच्याबरोबर 'ऑन अँड ऑन' ही ध्वनिमुद्रिका काढली. हाउस संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून तिचा उल्लेख सहसा केला जातो.

मोठ्या कंपन्यांनीं डिस्कोकडे पाठ फिरविल्यावर या क्लबांना नवें संगीत कोठून मिळावयाचें? तें त्यांनीं स्वतःच तयार करण्यास आरंभ केला. आणि येथेंच जुन्या दुकानांतील निरुपयोगी यंत्रें कामास आलीं. ज्या तरुणांना वाद्यवृंद परवडत नव्हता, संगीतशाळेंत जाण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या आवांक्यांत श्रीमंत वादकांनीं टाकून दिलेलीं हीं तालयंत्रें सहज येत. घरांतील एका खोलींत रात्रीं ओळ रचावयाची, कॅसेटवर उतरवावयाची आणि दुसऱ्या दिवशीं क्लबांत नेऊन द्यावयाची, असा परिपाठ पडला.

१९८५ च्या सुमारास 'फ्यूचर' नांवाच्या तिघां तरुणांच्या मंडळीनें असेंच एक जुनें टीबी-३०३ मिळविलें. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे हे ते तिघे. यंत्र कसें वापरावें हें त्यांना नीट ठाऊक नव्हतें. स्पँकीनें ठोका सुरूं केला आणि आवर्तन चालूं असतांनाच पिअर खुंट्या फिरवूं लागला. आवाज वळवळूं लागला, कण्हूं लागला, चढत गेला, पुन्हां खोल बुडाला. यंत्राच्या दृष्टीनें हा दुरुपयोगच. परंतु तिघांनाही त्यांत कांहींतरी विलक्षण ऐकूं आलें. त्यांनीं तें कॅसेटवर उतरविलें आणि 'म्यूझिक बॉक्स' या क्लबांतील रॉन हार्डी याच्याकडे नेऊन दिलें.

रॉन हार्डीनें त्या रात्रीं केलेली गोष्ट या इतिहासांतील सर्वांत मोलाची आहे. त्यानें ती कॅसेट लावली आणि नाचणारे लोक गोंधळून बाजूला झाले. जागा रिकामी पडली. अन्य कोणी असता, तर त्यानें ती पुन्हां हातांत धरली नसती. हार्डीनें थोड्या वेळानें ती दुसऱ्यांदां लावली. नंतर तिसऱ्यांदां लावली. आणि चौथ्या वेळीं तेच लोक बेभान होऊन नाचूं लागले. चार वेळांत संगीत बदललें नव्हतें. कान बदलले होते. ऐकणाऱ्यांना नव्या ध्वनीची ओळख पटावयास जो वेळ लागतो, तो मिळवून देण्याइतका धीर आणि अधिकार त्या क्लबांत एका माणसाजवळ होता, आणि त्याच्यावर विश्वास टाकणारे श्रोते त्याच्यासमोर होते. त्या ध्वनिमुद्रणाच्या चोरट्या प्रती हातोहात फिरूं लागल्या. लोक त्याला हार्डीच्याच नांवानें ओळखूं लागले. १९८७ सालीं ट्रॅक्स या कंपनीनें तें 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नांवानें प्रसिद्ध केलें, आणि 'अ‍ॅसिड हाउस' हा एक नवा प्रकारच रूढ झाला.

त्याच काळांत डेट्रॉइट येथें दुसरा एक प्रवाह वाहूं लागला होता. मोटारींचें हें शहर उतरणीला लागलेलें होतें. १९५० च्या जनगणनेंत तेथील लोकवस्ती साडेअठरा लाखांच्या घरांत होती, ती १९८० सालीं बारा लाखांवर आली. या शहरांत 'इलेक्ट्रिफायिंग मोजो' या नांवानें प्रसिद्ध असलेला एक निवेदक रात्रीं रेडिओवर ध्वनिमुद्रिका लावीत असे. जर्मनीचें क्राफ्टवर्क आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें फंक संगीत तो एकापाठोपाठ एक ऐकवी. गोऱ्यांचें आणि काळ्यांचें संगीत निरनिराळ्या केंद्रांवर लावण्याची तेथील रीत त्यानें कधीं मानली नाहीं. स्वतः तो प्रसिद्धीपासून कटाक्षानें दूर राहिला. रात्रीच्या ठराविक वेळीं तो श्रोत्यांना घराचे अथवा गाडीचे दिवे उघडझाप करण्यास सांगे, आणि अंधाऱ्या रस्त्यांवर ठिकठिकाणीं दिवे लुकलुकूं लागत. त्याच्या श्रोत्यांत वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन हे तीन तरुण होते. ते डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल या गांवीं शाळेंत असतांना एकमेकांचे मित्र झाले. ऐकलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर ते एखाद्या तत्त्वग्रंथाप्रमाणें चर्चा करीत. अ‍ॅटकिन्सनें १९८१ सालीं रिक डेव्हिस याच्यासमवेत 'सायबोट्रॉन'च्या नांवें पहिली ध्वनिमुद्रिका काढली, ती मोजोनेंच प्रथम लोकांपर्यंत पोंचविली. १९८८ सालीं डेट्रॉइटच्या संगीताचा एक संग्रह इंग्लंडांत निघाला आणि 'टेक्नो' हें नांव जगाला ठाऊक झालें. येथेंही पुन्हां तोच अनुभव येतो: आधीं एक जाणता श्रोतृवर्ग, मग संगीत.

इंग्लंडांत या संगीतानें १९८८ च्या उन्हाळ्यापासून तरुणांना वेड लावलें. ओसाड गोदामांत आणि उघड्या माळांवर हजारोंच्या रात्री रंगूं लागल्या. या मेळाव्यांबरोबर मादक द्रव्यांचा प्रादुर्भावही आला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि त्यामुळें समाजाची चिंता अगदींच निराधार नव्हती. १९९२ च्या मे महिन्यांत कॅसलमॉर्टन येथील माळावर झालेला प्रचंड मेळावा कित्येक दिवस चालला. अखेर १९९४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें असे मेळावे मोडण्याचा अधिकार पोलिसांना देणारा कायदा केला. त्या कायद्यांत संगीताची व्याख्या करतांना पुनःपुन्हां येणाऱ्या ठोक्यांच्या मालिकेचा खास उल्लेख करण्यांत आला. ठेक्याच्या आवर्तनाला कायद्याच्या कलमांत स्थान मिळण्याचा हा प्रसंग विरळाच. त्यावर 'ऑटेकर' या दोघां संगीतकारांनीं त्याच वर्षीं एक ध्वनिमुद्रिका काढली. तींतील एका रचनेंत कोणतेंही ठोक्याचें आवर्तन पुन्हां येऊं नये, अशी योजना केली होती. ती वाजवितांना एक वकील व एक संगीतशास्त्रज्ञ जवळ बाळगावा, असा सल्लाही वेष्टनावर छापला होता!

या सर्व काळांत मुंबईची ती ध्वनिमुद्रिका धूळ खात पडलेली होती. २००२ सालीं एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लींत सांपडली. ऐकतांच त्याच्या ध्यानांत आलें, कीं शिकागोचें म्हणून ओळखलें जाणारें संगीत येथें पांच वर्षें आधीं मुद्रित झालेलें आहे. २०१० सालीं तिची नवी आवृत्ति निघाली आणि जगभर चर्चा सुरूं झाली. अ‍ॅसिड हाउसचा खरा जनक मुंबईचा, असें कोणी म्हणूं लागले. तर ही कांहींतरी बनवाबनवी असावी, असा संशयही कोणी व्यक्त केला. सत्तरी गांठलेल्या चरणजीत सिंगांना युरोपांतून आमंत्रणें आलीं, आणि नातवंडांच्या वयाच्या तरुणांपुढें त्यांनीं तेच राग पुन्हां वाजविले. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

या वादांत न्याय कसा द्यावा? तारखांचा पुरावा निःसंशय मुंबईच्या बाजूचा आहे. परंतु शिकागोच्या तरुणांनीं मुंबईची ध्वनिमुद्रिका ऐकल्याचा कोठेंही आधार नाहीं. शिवाय दोघांच्या हेतूंत महदंतर आहे. चरणजीत सिंगांना राग ठाऊक होता. त्यांनीं नव्या यंत्राला त्या जुन्या वाटेवरून चालविलें. फ्यूचरच्या तरुणांपुढें वाटच नव्हती. यंत्र जिकडे नेईल तिकडे ते गेले. एकाच्या ठायीं परंपरेची पूर्ण जाण, दुसऱ्यांच्या ठायीं तिचा पूर्ण अभाव. आणि दोघेही एकाच टाकाऊ यंत्रापाशीं येऊन जवळजवळ एकाच ध्वनीला पोंचले. या योगायोगाला पितृत्वाच्या भांडणांत अडकविणें म्हणजे त्यांतील खरी मौज घालविणें होय.

राहतो तो दुसरा प्रश्न, आणि तोच अधिक टोंचणारा आहे. शिकागोच्या कॅसेटला चार वेळां लावणारा माणूस भेटला. मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेला दुसऱ्यांदां ऐकणारा भेटावयास वीस वर्षें लागलीं. वेअरहाउसची ती इमारत २०२३ सालीं शिकागोनें संरक्षित वास्तु म्हणून जाहीर केली. त्यापूर्वीं २००४ सालींच त्या रस्त्याच्या एका भागाला फ्रँकी नकल्सचें नांव देण्यांत आलें होतें. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीनें २०२४ सालीं आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. ज्यांना एके काळीं हाकलून लावलें गेलें, त्यांचा हा सन्मान उशिराचा असला तरी खरा आहे. मुंबईच्या वादकाला मात्र जो मान मिळाला, तो परदेशांतून परत आलेला होता. गुणी माणसांची उणीव या शहराला कधींच नव्हती. उणीव होती ती पहिल्या ऐकण्यांत कांहींच न उमगलें, तरी कान न मिटतां दुसऱ्यांदां ऐकून पाहणाऱ्या रसिकांची. आणि ही उणीव कोणतेंही यंत्र भरून काढूं शकत नाहीं.